नऊ दिवसांचा ताप

डोंबिवली पूर्व
१५ जून २०२५

नंदा,

वर 'प्रिय' लिहिलं असतं तर तू तिथेच कागद फाडला असतास, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला एकच टिक येते, म्हणजे तू मला बंद करून ठेवलंयस, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. म्हणून पत्र.

काम असं आहे. सोबत एक फॉर्म आहे. पेनाने फुली मारली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. पाकीट आत घातलंय, पत्ता लिहून, तिकीट लावून. तुला फक्त सही करायची आहे. साईनाथना वाचायला दे हवं तर, पण अर्थ लागणार नाही. मलाही लागला नाही.

मार्चमध्ये माझं ऑपरेशन झालं. पित्ताची पिशवी काढली. आत खडे होते, तुरीच्या दाण्याएवढे, डॉक्टरांनी बाटलीत घालून दाखवले, जसं काही मी घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवणार. आता बरी आहे. तुला हे सांगायचं नव्हतं, पण फॉर्मचा त्याच्याशी संबंध आहे. पोळीभाजी केंद्र सध्या बंद ठेवलंय. का ते विचारू नकोस.

फॉर्म ठाण्याच्या एका लॅबचा आहे. वल्लरी म्हणून एक मुलगी आहे, तिशीची असेल, वर्तकनगरला राहते, जंतूंचा अभ्यास करते. तिला रसिकाचे हॉस्पिटलमधले जुने कागद बघायचे आहेत. त्याला आईची सही लागते. मी म्हटलं मी सख्खी मावशी आहे, तर म्हणाली, काकू, मावशीची चालत नाही.

बस, एवढंच. अभ्यासासाठी आहे. कुणाला त्रास नाही.

सगुणा

(ताई लिहीत नाही. तू म्हणत नाहीस तर मी कशाला लिहू.)


डोंबिवली
६ जुलै २०२५

नंदा,

पाकीट मिळालं. फॉर्म कोरा, आणि मागे तुझी एक ओळ, 'आधी कशासाठी ते लिहा.' लिहा. सात वर्षांनी मी तुला अहो-जाहोची झाले. बरं.

वल्लरीने मला तीनदा समजावून सांगितलं. तरी माझ्या डोक्यात सगळा गोंधळ आहे. जसं कळलं तसं लिहिते, पुढेमागे झालं तर तू लाव.

पिशवी काढली की तिच्यातलं पित्त तपासतात. माझ्या पित्तात टायफॉईडचा जंतू निघाला. आई ज्याला मुदतीचा ताप म्हणायची तो. मी डॉक्टरांशी भांडलेच. म्हटलं बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, मला ताप बिप काही नाही, मी पहाटे उठून दीडशे पोळ्या लाटणारी बाई आहे. मग ही वल्लरी आली आणि विचारते कशी, लहानपणी कधी मोठा ताप आला होता का? तेव्हा मला मोहने आठवलं. बाबा कंपनीत होते, क्वार्टरमध्ये राहायचो आपण. मी चौथीत होते. तू तीन वर्षांची, तुला आजीकडे गावी पाठवलं होतं म्हणून तुला आठवणार नाही. एकवीस दिवस ताप. सगळे केस गेले. तुळतुळीत डोक्याने शाळेत जायची लाज वाटली आणि मी गेलेच नाही, ती शाळा तिथेच संपली.

तर वल्लरी म्हणते, ताप गेला पण जंतू गेला नाही. पिशवीत जाऊन बसला. चाळीसच्या वर वर्षं. मी लग्न केलं, केंद्र काढलं, तुझं लग्न लावलं, आणि तो आपला आत बसलेला. मला काही त्रास नाही, त्याला काही त्रास नाही. मी विचारलं, मग तो जिवंत राहून करत काय होता? ती म्हणाली, काहीच नाही, राहत होता.

आता तिचं काम. प्रत्येक जंतूच्या पोटात लिहिलेलं असतं म्हणे. अठ्ठेचाळीस लाख अक्षरं. एवढ्याशा जंतूत. ती मशीनवर ते सगळं वाचते आणि एका रोग्याचा जंतू दुसऱ्याच्या जंतूशेजारी ठेवून ताळा बघते. कुठलं अक्षर बदललं, कोण कुणापासून निघाला, कोण साधा राहिला आणि कोण विखारी झाला. विखारी हा तिचा शब्द. लाखो अक्षरांतलं एखादं बदललं की कधी कधी साधा जंतू खुनी होतो, ते कसं होतं हे तिला शोधायचं आहे. मी म्हटलं, माणसांचंही शोध. हसली.

हॉस्पिटलं रोग्यांच्या रक्तातले जंतू गोठवून ठेवतात, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. वर्षानुवर्षं ठेवतात. आपण माणूस जाळून येतो आणि त्याचा जंतू फ्रीजमध्ये असतो.

माझा जंतू तिने त्या सगळ्यांशेजारी लावून बघितला. एकाशी जुळला. अठ्ठेचाळीस लाखांत फक्त चार अक्षरांचा फरक. सन दोन हजार अठरा, मुलगी, वय तेरा. नाव नव्हतं, नुसता नंबर. वल्लरीने विचारलं, तुमच्या नात्यात, गिऱ्हाइकांत कुणी तेरा वर्षांची होती का? मी रसिकाचं नाव सांगितलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली, तिची स्वतःची, माझ्या घरातलं पाणी नाही.

पुढचं नीट वाच. त्या उन्हाळ्यातले तुमच्या दिवा-मुंब्र्याकडच्या वीस-बावीस रोग्यांचे जंतू तिच्याकडे आहेत. ते सगळे एकमेकांचे भाऊबंद, नव्या घराण्यातले. रसिकाचा त्यांतला नव्हताच. तो जुन्या घराण्यातला, आता सहसा कुणात मिळत नाही असा. माझ्यातला. तुझ्या टँकरच्या पाण्यात तो नव्हता, नंदा.

मी वल्लरीशी वाद घातला. अठरा वर्षं मी अर्ध्या डोंबिवलीला जेवू घालते, कुणाला काही झालं? ती म्हणाली, पोळीभाजी तव्यावर, गॅसवर जाते, त्यात तो मरतो. न शिजवता काय देता? मी म्हटलं काही नाही. कोशिंबीर मी देतच नाही, पाणी सुटतं. मग ती निघाली, चपला घालत होती, तेव्हा मला चैत्र आठवला.

आंबेडाळ. हळदीकुंकवाच्या ऑर्डरी. भिजवलेली डाळ, भरड वाटलेली, वर कैरीचा कीस, आणि फोडणी, तीही गार करून. चमच्याने मी कधी कालवली नाही. हाताला कळतं म्हणायचे. आणि गौरीच्या नैवेद्याचं आपण चाखत नाही. मग मीठ कोण बघणार? दर रविवारी रसिका यायची द्रोण लावायला. मी तिला म्हणायचे, तू चाख, लहान मूल म्हणजे देवच, तू चाखलेलं चालतं. हा नियम माझाच. माझ्या हाताने भरवायचे मीठ बघायला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिला आवडायची म्हणून मीठ बरोबर असलं तरी म्हणायची, मावशी, अजून कळलं नाही.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये चार लोकांदेखत मी तुला जे म्हटलं, दिव्याचं पाणी पाजून पोर मारलीस, ते खरं नव्हतं. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं म्हणून लिहिलं. मला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे.

फॉर्म पुन्हा पाठवते आहे.

सगुणा


डोंबिवली
२७ जुलै २०२५

नंदा,

फॉर्म सहीनिशी मिळाला. वल्लरीला दिला. मागच्या पानावरच्या तारखा पण तू भरल्यास, तिला बरं वाटलं, म्हणाली आई लोकांना तारखा पाठ असतात. ताप आला २० एप्रिल. आतडं फाटलं २८ एप्रिल. पुढची तारीख मी वाचली नाही.

पत्रात तू काही लिहिलं नाहीस. चालेल.

वल्लरी काल आली होती. चहा विचारला तर नको नको करत होती. मी म्हटलं, चहा उकळतो ना, तूच म्हणालीस उकळल्यावर मरतो. मग प्यायली. कागद पसरून बसली आमच्या टीपॉयवर. यांनीही टीव्ही बंद केला आणि ऐकत बसले.

तिचं म्हणणं असं. टायफॉईडमध्ये आतडं फाटतं ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात. रसिकाचं नवव्या दिवशी फाटलं. तेरा वर्षांची धडधाकट पोरगी, नऊ दिवसांत. इतकं लवकर का? माझ्यात चाळीस वर्षं गप्प बसलेला जंतू तिच्यात जाऊन इतका विखारी कसा झाला? म्हणजे त्या चार अक्षरांत काहीतरी असणार. दोन अक्षरं बिनकामाची आहेत, तिसरं बहुतेक बिनकामाचं, चौथ्यावर तिचा संशय आहे. ते बदलल्यावर जंतूच्या अंगावरचं आवरण का काहीतरी बदलतं. तिने कागदावर लाल गोल केला. इतका आनंद झालाय पोरीला. यावर ती मोठा लेख लिहिणार, बाहेरच्या देशांतले लोक वाचणार. जंतूचं नाव पण ठेवलंय तिने आपसात, 'नऊ दिवसवाला'.

मला कळेना मी काय ऐकते आहे. ती गेल्यावर हे म्हणाले, 'म्हणजे तुझ्यातून गेला तेव्हा साधाच होता. तिथे जाऊन बिघडला. त्यात तुझा काय दोष?'

मग मला वाटलं, खरंच की. एखादं अक्षर बदललं, ते मी थोडंच बदललं? देवाने बदललं, नाहीतर आपोआप बदललं. वल्लरी म्हणते आपोआपच बदलतं, नकलून काढताना चूक होते तशी. मग मी कशाला जीव खाते स्वतःचा? मग वाटलं, पण भरवलं तर मीच. मग वाटलं, पण भरवलं ते साधंच होतं. असं माझं चाललंय. भाजी चिरता चिरता हात थांबतो.

एक विचारायचं होतं. २० तारीख तू कशावरून लिहिलीस? हॉस्पिटलच्या कागदावरून की तुझ्या आठवणीवरून? उगाच विचारते. काही नाही.

सगुणा


डोंबिवली
१२ ऑगस्ट २०२५

नंदा,

तुझं पत्र आलं. चार पानी. वर 'ताई' लिहिलंयस. मी ते यांना दाखवलं, यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, हो, ताईच लिहिलंय.

तू लिहिलंस की सात वर्षं पाणी दोनदा उकळतेस, आणि तरी साईनाथ ऑफिसातून बाटली भरून आणतात, घरचं पीत नाहीत. तोंडाने कधी काही बोलले नाहीत, नुसती बाटली आणतात. माझं पत्र तू त्यांच्या पुढ्यात ठेवलंस, आणि दुसऱ्या दिवशी ते बाटली रिकामीच घेऊन आले, ती फ्रीजवर ठेवली आणि माठातलं पाणी प्यायले. हे मी ओट्याशी उभ्यानेच वाचलं. शेजारची अमृता दूध मागायला आली, तिने विचारलं, काकू काय झालं? मी म्हटलं, कांदा.

तू म्हणतेस, 'ताई, जंतूला कुणी काय करणार, तू काय मुद्दाम केलंस? तिला तुझ्याकडे यायला आवडायचं.' आणि गणपतीला येते म्हणतेस. दोघं. मुक्कामाला.

ये. खोली आवरते. मोदक मी करणार नाही, माझ्या तीन तपासण्यांतली एक बाकी आहे. तिन्ही स्वच्छ आल्या तर केंद्र उघडायचं. पहिल्या दोन स्वच्छ आहेत. मोदक बाहेरून आणू, काय करायचं.

तू माझ्या प्रश्नाचंही उत्तर दिलंस. '२० तारीख आठवणीवरून. तू १९ ला आणून सोडलीस तेव्हा चांगली होती, अंग गार होतं. २० ला सकाळी मी हात लावला तर चटका बसला.'

बरं.

अजून लिहिणार होते. आज नको.

ताई


डोंबिवली
१९ ऑगस्ट २०२५

नंदा,

हे पत्र साध्या पोस्टाने टाकत नाही, स्पीडपोस्टाने टाकते. तू इकडे यायला निघण्याआधी तुझ्या हातात पडायला हवं.

वल्लरी काल परत आली. तोंड उतरलेलं. लॅबमध्ये तिने दोन्ही जंतू वाढवून बघितले, माझा आणि रसिकाचा. ते चौथं अक्षर, लाल गोलातलं, त्याने काही होत नाही. दोन्ही सारखेच. रसिकाचा माझ्याइतकाच साधा निघाला. तिच्या साहेबांनी सांगितलं, अक्षरांत नसेल तर बाकीची माहिती परत तपास. म्हणून ती माझ्याकडे आली. म्हणाली, 'काकू, तुम्ही तेव्हा जवळ होतात. ताप नक्की वीस तारखेलाच आला ना?'

मी म्हटलं, 'नक्की.'

बघ, काल. सात वर्षांपूर्वी नाही, काल. चहाचा कप हातात धरून.

ती गेली. जिना उतरताना म्हणाली, मग परत पहिल्यापासून सगळी अक्षरं बघते. वर्ष जाईल तिचं. अठ्ठेचाळीस लाखांत ती पोर शोधत बसणार, आणि त्यात ते नाहीच आहे. ते माझ्याकडे आहे.

ताप १३ तारखेला आला. शुक्रवार. माझ्याकडे.

त्याआधीच्या मंगळवारी परीक्षा संपवून रसिका आली होती सुट्टीला. तू पाठवताना मला फोनवर म्हणाली होतीस, 'पोरीला डाळ वाटायला बसवू नकोस, सुट्टी आहे तिला.' मला राग आला होता. अक्षय्य तृतीयेपर्यंत अकरा ऑर्डरी होत्या. शुक्रवारी दुपारी ती पाटावरच पेंगायला लागली. हात लावला तर गरम. म्हटलं ऊन लागलं. तापाची गोळी दिली, उतरला. संध्याकाळी परत चढला. परत गोळी. तुला फोन केला असता तर तू धावत आली असतीस, आणि म्हणाली असतीस, बघ, मी सांगितलं होतं. ते मला ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. मी सात वर्षं मोठं कारण शोधते आहे. मिळत नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. सहा दिवस गोळ्यांवर काढले. ताप आल्यावर कामाला बसवली नाही, हे खोटं सांगत नाही तुला. आतल्या खोलीत निजवून ठेवली होती. पंखा लावून. यांना सांगितलं पोट बिघडलंय. एकोणीसला सकाळी गोळी दिली, तासभर थांबले, अंग गार झालं तेव्हा रिक्षात घालून तुझ्याकडे सोडली. तुला सांगितलं, खेळून दमली आहे. तू तिच्या कपाळाला हात लावलास, मी बघत होते.

तू डॉक्टरला सांगितलंस, कालपासून ताप आहे. त्यांनी साध्या तापाचं औषध दिलं, दोन दिवस बघू म्हणाले. एका दिवसाच्या तापाला कुणीही तेच म्हणेल. आठवडा झाला असं कळलं असतं तर त्याच दिवशी रक्त तपासलं असतं, हे मी वल्लरीला आडून विचारून घेतलं. ती म्हणाली, हो, अर्थात. तिला वाटलं मी अशीच विचारते आहे.

नवव्या दिवशी फाटलं नाही. सोळाव्या दिवशी फाटलं. कुणाचंही फाटतं तेव्हा. जंतू बदलला नव्हता. मी त्याला दिवस दिले.

आणि ते पॅसेजमधलं. मागे एका पत्रात मी लिहिलं की मला माहीत नव्हतं. जंतूचं माहीत नव्हतं, ते खरं. पण मी ते का बोलले ते लिहिलं नाही. ऑपरेशनवाले डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, 'नक्की कधीपासून आजारी आहे ही?' आणि तू वळून माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस, तुला संशय पण नव्हता. मोठी बहीण म्हणून बघितलंस. मी तुला तोंडच उघडू दिलं नाही. पाण्याचं जे काय सुचलं ते ओरडले. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले, आणि डॉक्टरांचा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून तू जंतूला माफ केलंस ते मला चालत नाही. तुझं पत्र मी कपाटात ठेवलंय, चार पानी, पण ते मला लिहिलेलं नाही. ज्या बाईला माहीत नव्हतं तिला लिहिलंय तू.

वल्लरीला उद्या फोन करणार आहे. ती रागावेल, रागावू दे. आधी तुला कळायला हवं होतं, ती परकी आहे. साईनाथना हे वाचायला दे. त्यांनी सात वर्षं बाटली आणली ती माझ्यामुळे.

गणपतीला येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये असंही म्हणायची माझी हिंमत नाही. तू ठरव. मी खोली आवरून ठेवली आहे, ती आवरलेली राहील.

अजून एक राहिलं. हे लिहू की नको हे मला खरंच कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. लिहून तुला काय मिळणार? पण ते तुझं आहे, माझ्याकडे ठेवायचं नाही. शुक्रवारी ती म्हणाली, 'मावशी, आईला फोन कर ना.' मी म्हटलं उद्या करते. शनिवारी म्हणाली. रविवारी म्हणाली. सोमवारी दोनदा म्हणाली. मंगळवारी माझा पदर धरून म्हणाली, मी सोडवून घेतला, डाळ निथळत ठेवली होती. बुधवारी ती काही म्हणाली नाही. मला वाटलं, बरं वाटत असेल.

सगुणा